ताऱ्याला रविवार कसा कळतो?

मॅडमना वार कळत नसे. तारीख विचारली तर चटकन सांगायच्या, पण तीही आपली नव्हे, खगोलवाल्यांची. त्या लोकांचा म्हणे दिवसांचा एक सलग आकडा असतो. महिना नाही, वर्ष नाही, हजारो वर्षांपासून एकापुढं एक दिवस मोजत आणलेला. हजेरीपटावर सहीखाली मॅडम तोच लांबलचक आकडा टाकायच्या आणि कार्यालयातले बाबू दर महिन्याला कपाळावर हात मारून घ्यायचे. एका सकाळी मी कॉलेजवरून जात होतो, तर मॅडम बंद फाटकाशी उभ्या.

"कुलूप कामून लावलाव?" त्या वॉचमनला विचारत होत्या.

"रविवार हाय मॅडम."

"मग?"

 वॉचमननं कुलूप काढलं, आणि पुढं प्रत्येक रविवारी काढू लागला.

मी राज्यशास्त्राचा. घर मुदखेडला, नोकरी लातूरला, म्हणून कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहायचो. मॅडम भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुख. विभाग म्हणजे त्या, दोन तासिकेवरचे प्राध्यापक आणि एक गळका नळ. त्या कुणालाही नावानं हाक मारत नसत. मी 'राज्यशास्त्र', ग्रंथपाल 'पुस्तकं' आणि प्राचार्य, त्यांच्या तोंडावर सुद्धा, 'वाणिज्य'. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर लक्षात आलं की माणूस काय शिकला, एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं. जात, गाव, आडनाव, घराणं यातलं काही टिकतच नाही. आमच्या भागात ही केवढी दुर्मीळ गोष्ट आहे, ते इकडच्या माणसालाच कळेल.

त्या उदगीरच्या. घरचं आडत दुकान, लिंगायत घर. गळ्यात लिंग असायचं, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायच्या नाहीत. एका नव्या प्राध्यापकानं एकदा खवचटपणानं विचारलं, "मॅडम, तुम्ही विज्ञानवाल्या, मग हे कसं?" मॅडम उभ्याउभ्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होत्या. बसून जेवलेल्या मी त्यांना पाहिलं नाही. घास गिळून त्या म्हणाल्या, "ते माझं अन् त्याचं हाय. दुर्बिणीत आणत न्हाई." आणि पुढचा घास घेतला.

आडतीतून त्यांनी एक वाक्य मात्र उचलून आणलं होतं. त्यांचे वडील, आप्पा, सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकाकडं बघायच्या आधी काट्याकडं बघायचे. पारडी रिकामी असताना काटा मधोमध आहे का? नसेल तर आधी तो नीट करायचा, मग रामराम. "आधी काटा रिकामा बगा" हे मॅडम प्रयोगशाळेत पोरांना सांगायच्या, फीवाढीवर तावातावानं बोलणाऱ्या संघटनेच्या पुढाऱ्याला सांगायच्या, आणि मी निवडणुकीचे अंदाज वर्तवायला लागलो की मलाही.

आमची गाठ पडली ती एका नव्या विषयामुळं. नव्या अभ्यासक्रमात 'जागतिक नागरिकत्व' नावाचा पेपर आला. तो कुणालाच नको होता. लातूरला ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं असतं, त्यामुळं भौतिकशास्त्राच्या वर्गात मोजकीच पोरं, आणि मॅडमचे तास कमी भरायचे. प्राचार्यांनी अर्धा पेपर माझ्या गळ्यात मारला, अर्धा त्यांच्या.

"मॅडम, फार काही नाही," प्राचार्य म्हणाले. "निरनिराळ्या देशांचे झेंडे, जागतिक दिवस, एखादी भित्तिपत्रक स्पर्धा."

मला वाटलं, मॅडम नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "हाव, घेते की."

पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. मॅडमनी खडू हातातच घेतला नाही. "तुमी कधी न बघितलेल्या माणसावर इस्वास ठेवलाव का?" त्यांनी विचारलं.  मग एकजण म्हणाला, रेल्वेच्या ड्रायव्हरवर. एक मुलगी म्हणाली, गोळ्या करणाऱ्या कंपनीवर. मॅडम खूश झाल्या.

"आता माझं बगा. मी तुमाला प्रकाशाचा वेग शिकवते. मी मोजलाय का? न्हाई. कुणीतरी मोजला, कुठल्यातरी गावात, अन् खरं सांगितलं. त्याला ठाव नव्हतं उदगीरची एक पोरगी त्याच्यावर इस्वास ठेवणार हाय. तरी खरं सांगितलं. आता आपली पाळी."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. तास संपायला अजून पुष्कळ वेळ होता. उरलेला वेळ मी संयुक्त राष्ट्रांची रचना शिकवली. ती कुणाच्याही लक्षात राहिली नाही.

मॅडमचं खरं घर म्हणजे कॉलेजची गच्ची. तिथं त्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरकडून सरकत्या पत्र्याची खोली बनवून घेतली होती. आत मध्यम आकाराची दुर्बीण आणि तिला जोडलेला कॅमेरा. अंधार पडला की पत्रा सरकायचा आणि कॅमेरा आपला आपण फोटो काढत बसायचा. सकाळी मॅडमची विद्यार्थिनी येऊन ते फोटो संगणकावर उघडायची आणि एकेका ताऱ्याचा उजेड मोजायची. काही तारे कमी-जास्त होत असतात. ते का होतात, किती दिवसांनी होतात, हा या दोघींचा विषय.

ही विद्यार्थिनी बिलोलीची. पीएच.डी. करत होती. घरची शेती चांगली, बाप कष्टाळू, पण घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच पोरगी. बोलायची कमी. मॅडम तिला 'बिलोली' म्हणायच्या. गावाच्या नावानं हाक मिळालेली ती एकटीच. मला वाटतं, तिचं शिकणं अजून चालू होतं म्हणून.

या मुलीला एक तारा सापडला. म्हणजे तारा होताच, पण तो सात दिवसांनी एक रात्र किंचित मंद होतो, हे तिला दिसलं. पुन्हा सात दिवस, पुन्हा मंद. पाच-सहा महिन्यांची मोजणी झाली तरी तेच. दोघींनी लेख लिहिला. पहिलं नाव मुलीचं, दुसरं मॅडमचं. परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकात तो छापून आला. त्या जोरावर मुलीला परदेशातल्या एका वेधशाळेत सहा महिने काम करायचं निमंत्रण आलं. प्राचार्यांनी कॉलेजच्या फाटकावर मोठा फलक लावला. त्यावर काळंभोर आभाळ, मधे एक तारा, खाली दोघींचे फोटो आणि त्याहून मोठा प्राचार्यांचा. कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती त्या वर्षी येणार होती, त्यामुळं या ताऱ्याचं फारच अप्रूप होतं.

सत्काराला प्रमुख पाहुणे म्हणून एका मोठ्या शिकवणी वर्गाचे मालक आले. त्यांचा वर्ग कॉलेजसमोरच. मॅडमचं आणि शिकवण्यांचं वाकडं होतं. "शिकवणीच्या पायरीला पाय लावणार न्हाई" असं त्या उघड म्हणायच्या. तरी त्या दिवशी मुलीसाठी म्हणून गप्प बसल्या होत्या. मालक बोलायला उठले. माणूस गमत्या. "सात दिवसांनी एकदा मंद होतो म्हणजे तारा आमच्यासारखाच की," ते म्हणाले. "त्यालाबी आठवड्याची सुट्टी पायजे!"

सभागृह हसलं. मीही हसलो. मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर शाल आणि नारळ. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला पाहिला आणि माझं हसू थांबलं.

"राज्यशास्त्र," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या फोनवर वार बगा बरं." आणि लेखातल्या तारखा त्यांनी एकेक करून सांगितल्या, साध्या, आपल्या पद्धतीच्या. मी बघितलं. रविवार. पुढची, रविवार. त्याच्या पुढची, रविवार.

"ताऱ्याला रविवार कसा कळतो हो?" मॅडम म्हणाल्या. मग शाल आणि नारळ माझ्या हातात देऊन त्या भर सभेतून उठून गेल्या. प्राचार्यांनी माईकवरून सांगितलं, मॅडमना भरून आलं.

मी गच्चीवर गेलो तेव्हा सूर्य मावळत होता. मॅडम कठड्याशी उभ्या होत्या. समोर शिकवणी वर्गाचा तिमजली फलक होता, गुणवंतांचे चेहरे, मधे मालक हात जोडून. बघता बघता त्याचे दिवे लागले आणि आमच्या पत्र्याच्या खोलीची एक बाजू पिवळी झाली.

"रविवारी हे दिवे असतात का?" मॅडमनी विचारलं.

मी कॉलेजच्या मागंच राहायचो, रोज रात्री जेवायला समोरच्या रस्त्यानं जायचो, म्हणून मला ठाऊक होतं. रविवारी सकाळी त्यांची परीक्षा असायची, दुपारनंतर वर्ग बंद, रात्री फलक अंधारात. मी तसं सांगितलं.

मॅडमनी मला ते चार वाक्यांत समजावलं. फलकाच्या उजेडाची एक तिरीप पत्र्यावरून उडून कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात पडत असणार. आमचा तारा नेमका त्या कोपऱ्यात. सहा रात्री त्याच्यात फुकटचा उजेड मिसळत होता. सातव्या रात्री मिसळत नव्हता, म्हणून तो मंद वाटत होता.

"लेख तपासणाऱ्याच्याबी ध्यानात आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला लातूरचा रविवार कुठं ठाव? पण मला ठाव पायजे होता."

मी म्हटलं, "एक पडदा लावून टाकू मॅडम."

"पडदा पुढच्यासाठी. मागचं कशानं खोटं झालं ते आधी कळाय पायजे. नुस्ता अंदाज हाय आपला." त्यांना तो फलक तीन आठवडे बंद हवा होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम शिकवणीच्या पायऱ्या चढल्या. मी सोबत होतो. मालकांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "मॅडम, प्रवेशाचे दिवस हायत. बोर्ड बंद दिसला तर लोक म्हणतील क्लास बुडाला."

"तुमाला काय पायजे त्याच्या बदली?"

मालक गमतीनंच म्हणाले, "तुमी शिकवा आमच्या पोरांना. मॅडम आमच्याकडं शिकवतात म्हटल्यावर मला बोर्डाची गरज काय?"

मॅडम जागेवरून उठल्या. मला वाटलं, आता मालकांना बोलणी बसणार. "हाव," त्या म्हणाल्या. "कवापासून येऊ?"

तीन आठवडे मॅडम शिकवणीत शिकवत होत्या. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, कॉलरला माईक लावून. पोरं विचारायची, मॅडम हे परीक्षेत येतं का? "न्हाई," मॅडम सांगायच्या आणि पुढं शिकवत राहायच्या. मालक दारात उभे राहून ऐकायचे. फलक तेवढे दिवस त्यांनी खरंच बंद ठेवला. एकदाही आठवण करावी लागली नाही. शब्दाचा पक्का माणूस निघाला.

फलक बंद होता तोवर ताऱ्याचा उजेड एकदाही हलला नाही. रविवारी नाही, कधीच नाही.

प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "मॅडम, लेख मागं घ्यायचा तर घ्या. पण वर्षभर थांबा. समिती येऊन जाऊ द्या. एवढ्या कोपऱ्यातला तारा, कोण बघतंय?"

"ज्यानं वाचलं त्यो बगत असंल की," मॅडम म्हणाल्या. "खामखा बिचाऱ्याच्या रात्री जायलेत. अन् वाणिज्य, काटा खोटा हाय हे कळल्यावर वर्षभर तोलत बसू का?"

प्राचार्य वाईट माणूस नव्हते.  शेवटी म्हणाले, "फाटकावरचा फलक मीच उतरवतो."

मुलीला सांगणं मात्र सोपं नव्हतं. विमानाच्या तिकिटाचं बोलणं चाललं होतं तिच्या घरी. मॅडमनी गच्चीवर तिला आलेख दाखवला. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. बरोबर आहे हे तिला लगेच कळलं, आणि म्हणूनच ती भडकली असावी.

"तुमची नोकरी झाली मॅडम. मोठ्या झालात तुम्ही. माझं काय?"

 मुलीनं प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली आणि बिलोलीला निघून गेली. फोन उचलेना. मॅडम आठ-दहा दिवस डबाच आणत नव्हत्या. एका सकाळी माझ्या खोलीच्या दारात आल्या. "राज्यशास्त्र, बिलोलीची गाडी कुठं लागते?"

नांदेडला गाडी बदलून आम्ही बिलोलीला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. मुलीचे वडील ओसरीवर बसले होते. धोतर, कपाळाला गंध. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले, पण आवाज कोरडा होता.

"लेकरू जेवून नाही राहिलं धड," ते म्हणाले. "गावात पेढे वाटले हो आमी. आता लोकायला काय सांगावं?"

"चूक माझी हाय म्हणून सांगा," मॅडम म्हणाल्या. "तिनं बरोबर मोजलं. त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. तसंच लिहून आणलंय. तिच्या नावाला धक्का लागणार न्हाई." त्यांनी पिशवीतून नियतकालिकाला पाठवायच्या पत्राचा कागद काढून पुढं केला.

वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी आत हाक मारली, "ए माय, वाच बरं हे काय हाय."

मुलगी बाहेर आली. डोळे सुजलेले. तिनं कागद वाचला, परत वाचला.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"काय खोटं हाय?"

"अर्थ आपण दोघींनी लावला होता. रोज त्याच गच्चीवर मी यायचे. तो फलक मला दिसत नव्हता का? लेखात माझं नाव पहिलं होतं ना मॅडम? मग इथं का नाही?"

"बिलोली, तुझं पुढं लई आयुष्य हाय."

"म्हणून आत्तापासून खोटं लिहायचं?"

मॅडमनी तो कागद परत घेतला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. 

वडील या दोघींकडं आळीपाळीनं बघत होते. "म्हंजे आता दोघीचंबी नाव खराब होनार का?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत दोघी एकदमच "हो" आणि "हाव" म्हणाल्या. वडील क्षणभर थांबले, मग मोठ्यानं हसले. "मंग आता भांडन कशाचं? जेवून घ्या आधी." आतून मुलीच्या आईनं ताटं मांडल्याचा आवाज आला. त्या दिवशी मॅडम बसून जेवल्या, पाटावर, मुलीच्या शेजारी.

लेख दोघींच्या नावांनी मागं घेतला गेला. परदेशाचं निमंत्रण गेलं. त्या वेधशाळेनं सभ्य शब्दांत नाही म्हटलं. मॅडमची एक वेतनश्रेणी अडकली ती अडकलीच. काही सहकारी चहाच्या टपरीवर 'रविवारचा तारा' म्हणून हसायचे. मुलगी मात्र पुन्हा कामाला लागली. शहराच्या उजेडात लहान दुर्बिणींची मोजणी कशी बिघडते आणि ती कशी सुधारायची, हाच तिनं प्रबंधाचा विषय केला. आज ती नांदेडला शिकवते. मॅडम निवृत्त होऊन उदगीरला गेल्या. पण हे सगळं नंतरचं.

लेख मागं घेतल्याला थोडे दिवस झाले असतील. दक्षिण अमेरिकेतल्या एका लहान गावातून मॅडमना मेल आली. लिहिणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते, हौशी आकाशनिरीक्षक. तुमच्याशी बोलायचं आहे, एवढंच त्यात होतं. मॅडमनी त्यांना थेट आमच्या जागतिक नागरिकत्वाच्या तासाला बोलावलं. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. पडद्यावर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा आले, अंगात स्वेटर. त्यांचं इंग्रजी वेगळ्याच चालीचं होतं, पोरांना कळेना. बिलोलीची मुलगी पडद्याशेजारी उभी राहून मराठीत सांगू लागली.

"ते म्हणतात, आपला लेख वाचून त्यांनी हाच तारा बघायला घेतला होता. पण त्यांना तो कधी मंद दिसलाच नाही. त्यांना वाटलं कॅमेरा बिघडला. खोलून साफ केला, परत जोडला. तरी नाही. मग वाटलं, आपलंच वय झालं, आता हात नीट चालत नाहीत. दुर्बीण देऊन टाकायचं ठरवलं होतं. तेवढ्यात आपण लेख मागं घेतल्याचं त्यांनी वाचलं."

 मॅडम खुर्चीतून उठून पडद्यासमोर गेल्या आणि त्यांच्या उदगिरी इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या रात्री माझ्यामुळं वाया गेल्या. मला माफ करा."

आजोबा जोरजोरात मान हलवून बराच वेळ बोलत राहिले. मुलगी ऐकता ऐकता सांगायचं विसरली. पोरं म्हणाली, ताई, सांगा की.

"ते म्हणतात, वाया नाही गेल्या. बदलणारे तारे मोजायचे तर शेजारी एक न बदलणारा तारा लागतो, तुलनेला. आपण एवढे महिने बघितलं, त्यांनी तिकडून बघितलं. या ताऱ्यावर इतकी नजर कुणीच ठेवली नसेल. तो बदलत नाही, हे आता पक्कं झालंय. त्यांच्या तिकडच्या मंडळानं शेजारचे तारे मोजायला आता आपला तारा धरलाय."

 मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला.

"त्यांना विचार," त्या मुलीला म्हणाल्या, "तिकडं आज आभाळ कसंय?"

आजोबांनी फोन उचलून खिडकीबाहेर धरला. लाल कौलं, एक झाड आणि वर निळंशार आभाळ.

"स्वच्छ आहे म्हणतात."

आमच्या खिडक्यांबाहेर दुपारपासून ढग दाटले होते, औशाच्या बाजूला वीज चमकत होती. गच्चीवरचा पत्रा आज सरकणार नव्हता.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "आज आपल्या वाट्याचं ते बगतील."